युद्ध हरल्यावर लोक रस्त्यावर येतात, पण सरकार कधी पडतं?

प्रश्न असा आला आहे: “मी नाशिकला राहते, स्पर्धा परीक्षेची तयारी करते. अर्जेंटिनात १९८२ मध्ये फॉकलंडचं युद्ध हरल्यावर लोक रस्त्यावर आले आणि काही दिवसांतच राष्ट्राध्यक्ष गेला. आर्मेनियात २०२० मध्ये लोक थेट संसदेत घुसले, पण सात महिन्यांनी तोच पंतप्रधान पुन्हा निवडून आला. आणि १९६२ नंतर आपल्याकडे तर असं काहीच झालं नाही. पराभवानंतरच्या आंदोलनांना काही नियम आहे का?”

मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं आणि हा विषय माझ्या विशेष जिव्हाळ्याचा, म्हणून जरा सविस्तर लिहितो. आधी एक दुरुस्ती. १९६२ नंतर आपल्याकडे काहीच झालं नाही, हे खरं नाही. झालं, पण उशिरा झालं आणि कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या गल्लीत झालं. त्याकडे येतोच.

नियम म्हणाल तर दोन गोष्टी वेगवेगळ्या धराव्या लागतात. लोक किती चिडतील, हे लढाईत किती मुलूख गेला यापेक्षा सरकारने आदल्या दिवसापर्यंत काय सांगितलं होतं यावर ठरतं. आणि चिडलेल्या लोकांपुढे सरकार टिकेल की नाही, हे खुर्ची कोणाला द्यायची याचं उत्तर त्या लोकांकडे आहे का यावर ठरतं. परीक्षेच्या पुस्तकांत या दोन्हींची गल्लत झालेली दिसते, म्हणून तुम्हाला अर्जेंटिना आणि आर्मेनिया एकमेकांच्या उलट वाटतात.

अर्जेंटिना नीट पाहू. ३० मार्च १९८२ ला ब्युनॉस आयर्समध्ये कामगार संघटनांनी लष्करी राजवटीविरुद्ध मोर्चा काढला होता. घोषणा होती भाकरी, शांतता आणि काम. पोलिसांनी तो झोडपून काढला, माणसं गाड्यांत भरभरून नेली. त्यानंतर तीनच दिवसांनी, २ एप्रिलला, लष्कराने ब्रिटनच्या ताब्यातली फॉकलंड बेटं घेतली आणि शहराच्या त्याच भागात, प्लाझा द मायो या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यासमोरच्या चौकात, लोक झेंडे घेऊन नाचले. आठवडाभराने राष्ट्राध्यक्ष जनरल गाल्तिएरीने सज्जातून भाषण केलं तेव्हा चौक ओसंडून वाहत होता. मे महिन्यात दूरचित्रवाणीवर चोवीस तास मदतनिधीचा कार्यक्रम चालला आणि बायकांनी अंगावरचे दागिने काढून दिले. ‘आपण जिंकतोय’ असं मासिकांची मुखपृष्ठं सांगत होती. बेटांवर मात्र सक्तीच्या भरतीतली अठरा-एकोणीस वर्षांची पोरं थंडीने आणि भुकेने हैराण होती.

१४ जूनला शरणागती झाली. १५ जूनला गाल्तिएरी बोलणार म्हणून लोक पुन्हा त्याच चौकात जमले. दोन महिन्यांपूर्वी जयजयकार करणाऱ्या गर्दीतून आता शिव्या येऊ लागल्या, पोलिसांनी अश्रुधूर सोडला आणि १७ जूनला त्याच्याच सहकारी सेनाधिकाऱ्यांनी त्याला घालवलं. इथे बारकाईने पाहा. गेला तो गाल्तिएरी. राजवट लष्कराकडेच राहिली, दुसरा जनरल आला, आणि नागरी सरकारची शपथ व्हायला १० डिसेंबर १९८३ उजाडला. मधल्या दीड वर्षात लोकांना एक माणूस दिसत होता: राउल आल्फोन्सिन. सगळे पक्ष बेटांच्या स्वारीमागे उभे असताना तिला विरोध करणाऱ्या मोजक्या राजकारण्यांपैकी तो एक. ३० ऑक्टोबर १९८३ च्या निवडणुकीत तो जिंकला. म्हणजे रागाने माणूस हलवला, पण राजवट बदलायला राग पुरला नाही. त्यासाठी हात स्वच्छ असलेला कोणीतरी समोर असावा लागला.

आता आर्मेनिया. नागोर्नो-काराबाख या प्रदेशावरून अझरबैजानशी युद्ध २७ सप्टेंबर २०२० ला सुरू झालं आणि ४४ दिवस चाललं. रोज संध्याकाळी सरकारी प्रवक्ता पडद्यावर येऊन शत्रूचं किती नुकसान झालं ते सांगायचा. ‘आम्ही जिंकणार’ हे वाक्य शहरभर लागलं होतं, लोकांच्या मोबाइलवर होतं. ९ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर पंतप्रधान पाशिन्यानने फेसबुकवर लिहिलं की मी युद्ध थांबवण्याच्या करारावर सही केली आहे, माझ्यासाठी ते अवर्णनीय वेदनादायक आहे. काल रात्रीपर्यंत जिंकणारा देश एका पोस्टमध्ये हरला होता. त्याच रात्री येरेवानमध्ये लोक सरकारी इमारतीत आणि संसदेत घुसले, संसदेच्या अध्यक्षाला गाडीतून ओढून बेदम मारलं. राग अर्जेंटिनापेक्षा कमी नव्हता. हजारो घरांतले मुलगे गेले होते.

तरीही पाशिन्यान टिकला. सतरा विरोधी पक्षांनी एकत्र येऊन हंगामी पंतप्रधानाचं नाव पुढे केलं, फेब्रुवारी २०२१ मध्ये सैन्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांनीही राजीनामा मागितला, रस्ते अडवले गेले. पण २० जून २०२१ च्या मतदानात पाशिन्यानच्या पक्षाला सुमारे ५४ टक्के मतं पडली. त्याचा मुख्य प्रतिस्पर्धी होता माजी राष्ट्राध्यक्ष कोचार्यान. त्याच्या आघाडीला २१ टक्के. कोचार्यानच्या कारकिर्दीत, १ मार्च २००८ ला, निवडणुकीतल्या गैरप्रकारांविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांवर कारवाई झाली आणि दहा माणसं मेली होती. लोक ते विसरले नव्हते. हरलेल्याला घालवायचं तर खुर्ची त्या जुन्या मंडळींकडे जाणार, हे दिसताच अर्ध्याहून अधिक मतदारांनी हरलेल्यालाच ठेवलं. संसदेच्या अध्यक्षाला झालेली मारहाणही सामान्य माणसाला आवडली नसणार, असं माझं मत आहे. मुलगा गमावलेल्या आईचा राग लोकांना आपला वाटतो. एका माणसावर तुटून पडलेला जमाव कोणाला आपला वाटत नाही.

हे नाशिकच्या माणसाला समजायला सोपं जावं, कारण आपल्याला मोर्चा कसा चालतो ते ठाऊक आहे. भालेकर मैदानावर जमायचं, शालिमारवरून निघायचं, सीबीएस बसस्थानकाच्या बाजूने जिल्हाधिकारी कचेरीच्या फाटकापाशी थांबायचं. तिथे भाषणं होतात आणि पाच-सात जणांचं शिष्टमंडळ आत जातं. हातात टाइप केलेलं निवेदन असतं, खाली मागण्या आकडे घालून लिहिलेल्या. अधिकारी ते घेतो आणि दुसऱ्या प्रतीवर पोच देतो. ती पोच दाखवली की लोक घरी जायला मोकळे. २०१८ च्या मार्चमध्ये इथून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च आठवा. वनजमिनीचे पट्टे, कर्जमाफी, मागण्या ठरलेल्या होत्या. ६ मार्चला निघालेली माणसं १२ मार्चला मुंबईत सरकारकडून लेखी आश्वासन घेऊन परतली.

पराभवानंतरच्या मोर्चाने निवेदनात काय लिहायचं? गेलेला मुलूख सरकार परत देऊ शकत नाही. मेलेला जवान परत येत नाही. आपल्याच सरकारने सही केलेला तह मोडला तर पुन्हा युद्ध, आणि तेही हरण्याचीच शक्यता. मग एकच मागणी उरते: अमक्याला घालवा. ती मागणी मान्य झाली की आंदोलन संपतं, नाही झाली की ते महिनोन्महिने तेच तेच म्हणत राहतं आणि थकतं. येरेवानमध्ये हिवाळाभर हेच झालं.

याउलट ज्यांनी मागणी बारीक केली, त्यांना जास्त मिळालं. इस्राएलचं इजिप्त-सीरियाविरुद्धचं १९७३ चं युद्ध तांत्रिक अर्थाने पराभव नव्हता, पण पहिल्या दिवसांतली नामुष्की लोकांच्या जिव्हारी लागली होती. सुएझ कालव्याच्या तटबंदीतली ठाणी एकामागून एक पडली. ‘बुडापेस्ट’ नावाचं एक ठाणं शेवटपर्यंत टिकलं. त्याचा प्रमुख मोती अश्केनाझी हा राखीव दलातला कॅप्टन. फेब्रुवारी १९७४ मध्ये तो पंतप्रधानांच्या कार्यालयासमोर एकटा फलक घेऊन उभा राहिला. मागणी एकच: संरक्षणमंत्री दायान यांनी जबाबदारी घ्यावी. त्याला भित्रा म्हणायची सोय नव्हती, कारण तोच ठाणं राखून आला होता. हळूहळू राखीव सैनिक, मग घरोघरचे लोक त्याच्या मागे आले. एप्रिलमध्ये चौकशी आयोगाने सेनाप्रमुखाला आणि गुप्तचर प्रमुखाला दोषी धरलं, मंत्र्यांना मोकळं सोडलं, तेव्हा लोकांचा संताप इतका वाढला की पंतप्रधान गोल्डा मेयर यांनीच राजीनामा दिला. जेमतेम साडेतीन महिन्यांपूर्वी, ३१ डिसेंबर १९७३ ला, त्यांचा पक्ष निवडणूक जिंकला होता, तरीही.

इजिप्तचं उदाहरण परीक्षेत फारसं कोणी लिहीत नाही, ते तुम्ही लिहा. जून १९६७ मध्ये इस्राएलशी युद्ध चालू असताना कैरो रेडिओ शत्रूची विमानं पाडल्याच्या बातम्या देत होता आणि प्रत्यक्षात इजिप्तचं हवाई दल पहिल्या सकाळीच जमिनीवर जळालं होतं. ९ जूनला राष्ट्राध्यक्ष नासेरने दूरचित्रवाणीवर राजीनामा जाहीर केला. लोक लाखोंनी रस्त्यावर आले, पण त्याला थांबवायला! धक्का बसलेल्या माणसाला घरातला कर्ता पुरुषही गेला तर पुढे काय, ही भीती आधी वाटते. राग नंतर आला. फेब्रुवारी १९६८ मध्ये हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना झालेल्या शिक्षा फार सौम्य आहेत म्हणून कैरोजवळच्या हेलवानच्या कारखान्यांतले कामगार निघाले, पोलिसांनी गोळीबार केला, मग कैरो आणि अलेक्झांड्रियाचे विद्यार्थी उतरले. नासेरला पुन्हा खटला चालवायचा आदेश द्यावा लागला आणि ३० मार्चला राजकीय सुधारणांचा कार्यक्रम जाहीर करावा लागला. पराभव आणि आंदोलन यांच्यात साडेआठ महिने गेले. पहिल्या आठवड्यातली गर्दी पाहून निष्कर्ष काढणारा इथे हमखास फसतो.

पाकिस्तानबद्दल थोडक्यात. १९६५ मध्ये जनतेला विजय सांगितला गेला, म्हणून जानेवारी १९६६ च्या ताश्कंद कराराने लाहोरचे विद्यार्थी भडकले. तो राग तीन वर्षं धुमसत राहिला आणि मार्च १९६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष अयूबखानांना जावं लागलं. १९७१ ला १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली आणि २० डिसेंबरला याह्याखान गेले. तिथे रस्त्यावर लोक होतेच, पण निर्णायक ठरले ते सेनेतलेच संतापलेले अधिकारी. आणि भुट्टो तयार उभे होते.

आता आपलं १९६२. २० ऑक्टोबरला हल्ला झाला, २१ नोव्हेंबरला चीनने एकतर्फी युद्धबंदी केली. या महिन्याभरात से ला खिंड आणि बोमदिला पडलं, तेजपूर रिकामं झालं, तिथल्या स्टेट बँकेने शत्रूच्या हाती लागू नयेत म्हणून नोटा जाळल्या. त्या काळी देशाच्या नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येच छापल्या जात. त्यांची होळी करायची वेळ आली, यावरून आसामात काय प्रसंग ओढवला होता ते समजा. आणि ऑक्टोबरच्या मध्यात खुद्द पंतप्रधान पत्रकारांना सांगून गेले होते की चिन्यांना हटवायच्या सूचना सैन्याला दिल्या आहेत. सांगितलेलं आणि घडलेलं यातली दरी आपल्याकडेही होती.

लोक निघाले का नाहीत? मराठी माणसाला रस्त्यावर उतरायची सवय नव्हती, असं कोणी म्हणू शकत नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभरावर हुतात्मे देऊन राज्य मिळवल्याला जेमतेम अडीच वर्षं झाली होती. १९५७ ला याच नाशिकमधून काँग्रेसच्या विरोधात दादासाहेब गायकवाड लोकसभेवर गेले होते. नेहरूंना काळे झेंडे दाखवलेली ही जनता. तिने १९६२ ला संरक्षण निधीत सोनं दिलं.

माझ्या मते कारणं तीन. एक, राग चीनकडे वळला. विश्वासघात केला तो त्यांनी, अशी सार्वत्रिक भावना होती. दुसरं, घालवायचा माणूस लढाई चालू असतानाच घालवला गेला. काँग्रेसच्याच खासदारांनी दबाव आणला आणि ७ नोव्हेंबरला, आधी संरक्षणमंत्री असलेले कृष्ण मेनन मंत्रिमंडळाबाहेर पडले. मोर्चाची एकमेव मागणी मोर्चाआधीच पूर्ण झाली. तिसरं, जागा भरायला विश्वासाचा माणूस मिळाला. यशवंतराव चव्हाण २१ नोव्हेंबरला संरक्षणमंत्री झाले, हिमालयाच्या हाकेला सह्याद्री धावला असं लोक अभिमानाने म्हणू लागले, आणि पुढे पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेवर पाठवलं. काल-परवापर्यंत चव्हाणांशी हाडवैर धरलेल्या पक्षांनीही उमेदवार दिला नाही. ओझरचा विमान कारखाना १९६४ चा. नाशिकच्या अनेक घरांत त्या काळाची ही खूण पगाराच्या रूपाने पोचली. देवळालीसारख्या फौजी गावात आणखी एक गोष्ट जाणवते. घरातलं कोणी सीमेवर असताना सरकारविरुद्ध घोषणा देणं म्हणजे आपल्याच पोराच्या पाठीमागे बोलणं, असं लोकांना वाटतं.

शिवाय आणीबाणी होती. ती २६ ऑक्टोबर १९६२ ला लागली आणि १९६८ पर्यंत राहिली. भारत संरक्षण नियमांखाली शेकडो कम्युनिस्टांना उचललं. ही बाजू गाळून ‘राष्ट्र एक झालं’ एवढंच लिहिणं मला मान्य नाही.

आणि तो न निघालेला मोर्चा शेवटी निघाला, तो सराफ बाजारातून. युद्धाचा खर्च, परकीय चलनाची टंचाई आणि सोन्याची चोरटी आयात यांवर उपाय म्हणून जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. चौदा कॅरेटपेक्षा जास्त शुद्धतेचा नवा दागिना घडवायला बंदी. आपल्याकडे दागिना म्हणजे बावीस कॅरेट, शंभरात जवळपास ब्याण्णव भाग सोनं. चौदा कॅरेटात ते अठ्ठावन्नवर येतं, बाकी तांबं-चांदी. रंग फिका पडतो, धातू कडक होतो, हातोडीखाली बावीससारखा वळत नाही, आणि मोडीत घालताना काय मिळेल याची गिऱ्हाइकाला खात्री नाही. गिऱ्हाईक थांबलं. पेढीवाला तग धरू शकला. पाटावर बसून मजुरीने काम करणारा कारागीर पहिल्या महिन्यातच उघडा पडला. ज्यांच्या आयाबहिणींनी काही आठवडे आधी संरक्षण निधीत बांगड्या दिल्या होत्या, त्यांच्याच भट्ट्या विझल्या. देशभर सोनार रस्त्यावर आले, उपोषणं झाली, आत्महत्यांच्या बातम्या आल्या. त्यांच्या निवेदनात लिहायला ठोस मागणी होती, म्हणून ती पुढे सरकली: त्याच वर्षी सवलती मिळाल्या, १९६६ मध्ये चौदा कॅरेटची अट गेली. कायदा मात्र नव्या रूपात १९६८ ला पुन्हा आला आणि १९९० पर्यंत राहिला. नाशिकच्या सराफ बाजारात जुन्या पिढीतलं कोणी भेटलं तर त्यांना हे विचारा, पाठ्यपुस्तकात नाही ते कळेल.

मतपेटीतही राग उतरला. मे १९६३ च्या पोटनिवडणुकांत आचार्य कृपलानी, राममनोहर लोहिया आणि मिनू मसानी हे नेहरूंचे तीन कडवे टीकाकार लोकसभेत पोचले. ऑगस्टमध्ये कृपलानींनी स्वतंत्र भारतातला पहिला अविश्वास ठराव मांडला. बाजूने ६२, विरोधात ३४७. ठराव पडला, पण चार दिवस पंतप्रधानांना सभागृहात बसून सगळं ऐकून घ्यावं लागलं. ज्या देशात अशी जागा नसते तिथे तोच राग चौकात जमतो.

पराभवानंतरच्या रागाची एक वाट मला सगळ्यात घातक वाटते. सरकारपर्यंत हात पोचत नाही तेव्हा लोक घरातला शत्रू शोधतात, आणि सरकारलाही ते सोयीचं असतं. १९१८ नंतर जर्मनीत सेनानींनीच पसरवलं की आम्ही रणांगणात हरलो नाही, घरच्यांनी पाठीत खंजीर खुपसला. त्या खोट्याची किंमत ज्यूंनी मोजली. आपल्याकडे १९६२ ला आसाम-बंगालमधल्या चिनी वंशाच्या सुमारे तीन हजार माणसांना, म्हाताऱ्या-पोरांसकट, राजस्थानात देवळीच्या छावणीत डांबलं. त्यातले कित्येक इथेच जन्मलेले, काहींना चिनी बोलताही येत नव्हतं. त्यांच्यासाठी कुठेही मोर्चा निघाला नाही. उत्तरपत्रिकेत या माणसांना एक ओळ तरी द्या.

शेवटी तुमच्या मनात येईल की मग मागणी करावी तर कोणती. माझं उत्तर ठरलेलं आहे: चौकशी आणि तिचा अहवाल जनतेसमोर. मंत्री बदलला की लोक शांत होतात आणि चूक तिथेच राहते. पाकिस्तानात हमूदूर रहमान आयोगाचा १९७१ च्या पराभवावरचा अहवाल जवळपास तीन दशकं दडवला गेला, भारतात त्यातला भाग छापून आल्यावर २००० मध्ये तो खुला झाला. अर्जेंटिनाने फॉकलंडवरचा रातेनबाख अहवाल अधिकृतपणे खुला केला २०१२ मध्ये. आपल्या सेनेने १९६२ ची तपासणी हेंडरसन ब्रूक्स आणि भगत या अधिकाऱ्यांकडून करून घेतली. त्यावर संरक्षणमंत्री चव्हाणांनी २ सप्टेंबर १९६३ ला लोकसभेत निवेदन केलं, प्रशिक्षण, साधनसामग्री आणि नेतृत्व कुठे कमी पडलं ते सांगितलं. मूळ अहवाल तेव्हा गोपनीय ठेवला गेला. त्यानंतर दिल्लीत सगळ्या रंगांची सरकारं आली आणि गेली. एकानेही तो अधिकृतपणे खुला केलेला नाही.